तेच घर

"शेगडी आत्ताच उचलू नका," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी उचला. अजून निखारे असतील तिच्यात."

"विझवले मी सकाळीच."

"मला न सांगता?"

मिस्त्री आढ्यावर बसून पत्र्याचा बोल्ट सोडवत होता. असल्या प्रश्नाला उत्तर नसतं हे कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला कळतं, म्हणून त्याने पाना जरा जोरात फिरवला. खाली मोकळ्या जागेत बाकावर त्याची बायको बसली होती. मांडीवर भांड्यांचं बोचकं, तोंड वर केलेलं, पण तो होता त्याच्या जरासं डावीकडे. तिला दिसत नसे. एकेक पत्रा सुटल्याचा आवाज आला की ती मान हलवायची, जणू तिच्या देखरेखीखालीच काम चाललं होतं.

"काठ किती लांब राहिलाय?" तिने विचारलं.

"शेजारचा गोठा आठवतोय ना?"

"हो."

"आता तो आठवायचाच राहिला."

ती हसली. मग तिने बोचकं आणखी जवळ ओढून घेतलं.

लोक त्याला मिस्त्री म्हणत, पण नवं घर बांधून त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचं काम घरं उतरवायचं. आमचा हा सगळा मुलूख तळहातासारखा सपाट आहे. डोंगर पाहायचा तर शाळेच्या पुस्तकात. पाऊस इथे पडतो तो पडतोच, पण खरं पाणी येतं ते दुसऱ्याच कुणाच्या डोंगरावरून, आपल्याला न विचारता. ते समुद्राला मिळायला निघालेलं असतं आणि भरतीच्या वेळी समुद्र त्याला आत घेत नाही. मग त्या दोघांच्या भांडणात ते आमच्या उंबऱ्याशी येऊन बसतं. पाणी आलं तरी एक वेळ परवडतं, ते उतरून जातं. काठ सुटायला लागला की मात्र काही खरं नाही. नदी खालून माती पोखरते, वरून काही दिसत नाही. आज अंगणात बारीक भेग, उद्या अंगण नाही. म्हणून आमच्याकडची घरं लाकडाची आणि पत्र्याची, खिळ्यांऐवजी बोल्टांवर उभी केलेली. भेग दिसली की लोक मिस्त्रीला हाक मारत. तो यायचा, घर सुटं करायचा, मागे कुठेतरी नेऊन पुन्हा उभं करायचा. जावयालासुद्धा एवढ्या तातडीने कुणी बोलावत नसेल.

गावातले भूगोलाचे मास्तर वर्गात शिकवायचे की नदी एका बाजूची जमीन कापते आणि पुढे नेऊन टाकते, त्यातून नवी सुपीक जमीन तयार होते. मिस्त्रीने एकदा त्यांना विचारलं होतं, "पुढे म्हणजे नक्की कुठे, मास्तर?"

"दुसऱ्याच्या दारात," मास्तर म्हणाले. "परीक्षेत एवढं लिहायची गरज नसते."

बायकोची दृष्टी गेली तीही पाण्यातच. मुलगी रांगत होती तेव्हाची गोष्ट. बायकोचे डोळे आले, सुजले, त्यांतून पू यायला लागला. दवाखाना नदीपलीकडे, आणि पूर असा की नाववाला पैसे नको म्हणत होता आणि नावही नको म्हणत होता. पाणी ओसरून पलीकडे पोचेपर्यंत डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या वर्षी ती बरेच दिवस खाटेवरून उठली नाही. मग एक दिवस उठली, भिंत धरून चालली, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंत न धरता चालायला लागली. दारातून आत आलं की उजव्या हाताला पाण्याचं पिंप, त्याला लागून शेगडीचा ओटा, पलीकडे खाट, खाटेच्या पायथ्याशी ट्रंक, आणि समोर मागचं दार. त्या दारातून दोन पायऱ्या उतरल्या की अंगण आणि भांडी घासायचा दगड. एवढं तिचं जग होतं, पण त्यात ती राणीसारखी वावरायची. उकळतं पातेलं उतरवायची, मुलीच्या मागे धावायची, तिला पकडून धपाटाही घालायची. नवीन माणसाला तर पाणी पिऊन होईपर्यंत पत्ता लागत नसे.

आणि म्हणूनच, ज्या ज्या वेळी नदीने त्यांना हुसकलं, त्या त्या वेळी मिस्त्रीने घर जसंच्या तसं उभं केलं. इतरांची घरं हलवताना तो खिडकी इकडची तिकडे करायचा, एखादी पडवी वाढवून द्यायचा. स्वतःच्या घरात मात्र बोटभर फरक नाही. पिंपापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खाटेपर्यंत सगळी अंतरं त्याने एका दोरीवर गाठी मारून ठेवली होती. मागचं दार नेहमी समुद्राच्या बाजूला. पावसाळाभर वारा तिकडूनच येतो, आणि गालाला लागणाऱ्या त्या वाऱ्यावरून तिला आपण कुणीकडे तोंड करून उभे आहोत ते कळायचं. भांडी घासायचा दगडसुद्धा तो पाठीवर टाकून आणायचा. लोक हसायचे. "मिस्त्री, दगड तरी नदीला द्या की!" तो म्हणायचा, "नदीला मागायची अक्कल असती तर दिला असता."

घर उभं राहिलं की ती पहिल्यांदा एकटीच आत जायची. सगळीकडे फिरायची. मग आतून आवाज यायचा, "हो, तेच आहे." त्या तीन शब्दांसाठी तो माणूस इतकी वर्षं घरं वाहत होता असं म्हटलं तरी चालेल.

या वेळी अडचण वेगळी होती. मागे सरकायला जागाच उरली नव्हती. मागची शेतं दुसऱ्यांची, त्यांतही गुडघाभर पाणी, आणि मालक म्हणाले की आता आमचंच काही खरं नाही. शेवटी बांधावर जागा मिळाली. बांध म्हणजे पूर अडवायला घातलेला मातीचा लांबलचक उंचवटा. त्याच्या माथ्यावर कडेकडेने लोकांनी आधीच घरं थाटली होती. पुढे रस्ता, मागे उतार. उतारावर जाळीत बांधलेले दगड आणि खाली नदी.

मुलगी शहरात असायची. फोनवर तिने आईला झाडलं. "आई, बास झालं आता. तू इकडे ये. बाबा काय, कुठेही राहतील."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? एका कोपऱ्यात ट्रंकेसारखी पडून राहू? तू उचलशील, तू ठेवशील."

"बरं, मग ते मागचं दार तरी बंद करून टाका. बाबा, ऐकताय ना? फळ्या ठोका तिथे."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दार बंद केलं तर वारा कुठून येईल?"

"वाऱ्याचं काय घेऊन बसलीस, आई!"

"तुला दिसतं, तू घेऊन बसू नकोस."

मग मिस्त्रीने मधला मार्ग काढला. बांधावर घर उभं केलं, अगदी तेच. माथ्याची रुंदी जेमतेम पुरली. मागच्या दाराबाहेर पायऱ्या आणि अंगण यांना जागा नव्हती. तिथे उंबऱ्यापासूनच उतार सुरू होत होता. त्याने दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या बसवल्या आणि त्यांत कमरेइतक्या उंचीवर भिंतभर लांबीचा, जाड, कठीण लाकडाचा अडसर आडवा घातला. दार आत उघडायचं, वारा यायचा, पण माणूस बाहेर जाऊ शकत नव्हता. तिचा हात धरून त्याने तो अडसर तिला दाखवला.

"इथून पुढे काही नाही," तो म्हणाला. "अंगण नाही, दगड नाही. भांडी पुढच्या बाजूला घासायची. कळलं?"

"मी काय लहान आहे?"

मग ती नेहमीप्रमाणे घरभर एकटी फिरली. पिंप, ओटा, खाट, ट्रंक. मागच्या दाराशी येऊन अडसरावर हात ठेवून उभी राहिली. वारा छान येत होता. "हो, तेच आहे," ती म्हणाली. मिस्त्री बाहेर रस्त्यावर हत्यारं पुसत बसला होता. त्याला इतकं बरं वाटलं की शेजारच्या जाळीवालीला त्याने उगीचच चहाला बोलावलं. जाळीवाली कोळ्यांची जाळी दुरुस्त करायची आणि गावातल्या सगळ्यांची लफडी तिला तोंडपाठ होती. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.

सुरुवातीला ती दोन-तीनदा भांडी घेऊन मागच्या दाराकडे गेली. अडसर पोटाला लागला की "अगंबाई" म्हणून वळायची. मिस्त्री हे पाहायचा. त्याला वाटलं, होईल सवय. ते होणार नाही हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं असं आता आम्ही सगळे म्हणतो, पण तेव्हा आमच्यापैकीही कुणाच्या ते डोक्यात आलं नव्हतं.

मग वरच्या अंगाला मोठा पाऊस झाल्याची बातमी आली आणि नदी फुगली. एके सकाळी मास्तरांच्या घरून निरोप आला. अंगणात भेग पडली होती आणि ती दर तासाला रुंद होत होती. मिस्त्री लगेच निघाला. त्याचे टेकू, म्हणजे खांब काढताना तुळईला आधार द्यायचे ओंडके, आदल्या दिवशीच दुसऱ्या एका घराबरोबर नदीत गेले होते. टेकूशिवाय मधला खांब काढता येत नाही. काढला तर सगळं छप्पर डोक्यावर येतं. रस्त्यावर उभं राहून त्याने इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्या लांबीचं, तेवढ्या ताकदीचं एकच लाकूड त्याच्या माहितीत होतं.

तो आत गेला. कड्यांतून अडसर काढला. मागचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

"अगं, अडसर नेतोय मी. मास्तरांकडे टेकूला. तासाभरात परत बसवतो. दार लावलंय, मागे जाऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. ती भांडी विसळत होती.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं हो. जा तुम्ही. मास्तर घाबरट आहेत, बिचारे तुळईलाच मिठी मारून बसले असतील."

मास्तर खरंच तुळईला हात लावून उभे होते. "मिस्त्री, पुस्तकांच्या पेट्या आधी काढल्यात, चालेल ना?" त्यांनी विचारलं. मिस्त्रीने अडसर तुळईखाली उभा केला, खाली पाचर मारली, आणि मधल्या खांबाचे बोल्ट सोडवायला घेतले. खांब निघाला. सगळं छप्पर त्या एका लाकडावर तोललं गेलं. आता बाजूचे वासे उतरवायचे, मग पत्रे, मग तुळई. घाई केली तरी दुपार होणार होती.

तिकडे घरी तिची भांडी विसळून झाली होती. घरात उकाडा होता. दार बंद, वारा नाही. तिने कडी काढून दार उघडलं, वारा आला, तिला हायसं वाटलं. हे तिनेच नंतर सांगितलं. दार उघडताना अडसर नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती मागे सरकली, ओट्यापाशी गेली, विसळलेल्या पाण्याचं घमेलं उचललं. त्या घरात घमेलं उचलून ती जशी वर्षानुवर्षं वळली होती तशी वळली. गालावर वारा होता. पायांखाली ओळखीची जमीन होती.

जाळीवालीने आधी घमेलं ऐकलं. दगडांवरून ते वाजत खाली गेलं. मग दुसरं काहीतरी गेलं, त्याचा मात्र आवाज आला नाही.

निरोप घेऊन माणूस धावत मास्तरांकडे पोचला तेव्हा मिस्त्री वर होता. "तुमची बायको पडली, मागच्या बाजूने." मिस्त्रीने खाली उडी मारली. मास्तरांकडे, छपराकडे, त्या एका लाकडाकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "अहो, बघताय काय, पळा!" तो पळाला. हातातला पाना त्याने शेवटपर्यंत सोडला नव्हता.

तोवर लोकांनी तिला वर काढलं होतं. ती वाहून गेली नव्हती. उतारावरून घसरत खालपर्यंत जाऊन दगडांच्या जाळीच्या तारेला तिने धरलं होतं आणि कमरेपर्यंत नदीत लोंबकळत राहिली होती. तळहात तारेने कापले होते, गुडघे सोललेले, कपाळाला खोक. हाड मोडलं नव्हतं. जो तो म्हणत होता, नशीब. ती जाळीवालीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मिस्त्री जवळ बसला तसा तिने त्याचा हात चाचपला आणि पाना लागल्यावर म्हणाली, "तुमचं काम राहिलं."

"अगं, सांगून गेलो होतो ना मी तुला!" तो ओरडला. ओरडला आणि रडायला लागला.

"माझ्या लक्षात होतं," ती म्हणाली. "पायांच्या नव्हतं."

थोड्या वेळाने, सगळे पांगल्यावर, ती आपणहून म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. घर अगदी तेच होतं."

त्याला समजवायलाच बोलत होती ती. पण त्या दिवसानंतर मिस्त्रीला कुणी हसताना पाहिलं नाही.

मास्तरांचं घर तसंच राहिलं. त्या लाकडाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठ सुटला तेव्हा तुळई, छप्पर आणि खाली उभा केलेला अडसर एकदमच गेले. संध्याकाळी मास्तर तिला पाहायला आले. बराच वेळ बसले. आपल्या घराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "वहिनी, काळजी घ्या," आणि पेट्या ठेवल्या होत्या त्या शाळेच्या व्हरांड्याकडे निघून गेले.

मिस्त्रीने मागच्या दारावर फळ्या ठोकल्या. या वेळी बोल्ट वापरले नाहीत. लांब खिळे घेतले आणि ठोकत राहिला, गरज नव्हती तिथेही ठोकले. ती खाटेवर बसून ऐकत होती. शेवटचा खिळा बसल्यावर घरात एकदम शांत झालं. वारा थांबला.

जखमा आठवड्याभरात भरल्या. मिस्त्रीला वाटलं, आता ती उठेल. ती उठलीही. पण आमच्यापैकी ज्यांनी तिला त्या दिवसांत पाहिलं त्यांना नीट बघवलं नाही. इतक्या वर्षांत त्या बाईने हात पुढे करून चालताना कुणी पाहिलं नव्हतं. आता ती उठली की आधी दोन्ही हात पुढे करायची, बोटं फाकवून. खाटेला धरून उभी राहायची. एक पाऊल टाकायची, पायाने पुढची जमीन दाबून बघायची, मग दुसरं. पिंपापाशी जायला निघायची आणि ट्रंकेला अडखळायची. अडखळली की शिवी हासडायची जुनी सवय होती तिला, तीही गेली. "माफ करा," म्हणायची. कुणाला म्हणायची कोण जाणे.

"सगळं जागच्या जागी आहे गं," मिस्त्री म्हणायचा. "दोरी लावून बघितलंय मी. एक बोटसुद्धा हललेलं नाही."

"हो ना," ती म्हणायची. "मला ठाऊक आहे."

मुलीचा फोन यायचा. ती आता भांडत नसे. "आई, येतेस ना मग?" एवढंच विचारायची. पूर्वी आई फाडकन उत्तर द्यायची. आता म्हणायची, "बघू. बाबांना विचार. ते म्हणतील तसं." फोन मिस्त्रीकडे द्यायचा म्हणून हात पुढे करायची, आणि तो शेजारीच बसलेला असला तरी फोन भलतीकडेच धरलेला असायचा.

पावसाची झड लागली होती. पत्र्यावर इतका आवाज होता की आतलं बोलणं जेमतेम ऐकू येत होतं. मिस्त्री दाराशी बसून नवा टेकू तासत होता, कारण खालच्या वस्तीतून पुन्हा बोलावणं आलं होतं. नदी तिचं काम करत होती, त्याला त्याचं करणं भाग होतं. शेगडीवर पाणी ठेवते म्हणून ती खाटेवरून उठली होती. त्याने मान खाली घालूनच हो म्हटलं. बऱ्याच वेळाने पातेल्याचा आवाज का येत नाही म्हणून त्याने वर पाहिलं.

ती घराच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात पुढे केलेले, पाय जवळजवळ घेतलेले. जरा वळायची, थांबायची, पुन्हा उलटी वळायची. चेहरा इकडून तिकडे फिरवत होती, वारा कुठून लागतो का ते शोधत. वारा नव्हता. बंद घरात पावसाचा आवाज चहूकडून सारखाच येत होता.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

"मी घरातच आहे ना?"

मिस्त्रीने रंधा खाली ठेवला.

"हो," तो म्हणाला. "घरातच आहेस."

"मग जरा हात धरता का?"

तो उठला आणि जाऊन त्याने तिचा हात धरला. शेगडी तिच्या समोरच होती.